फुलपाखरं आणि चतुर वाचवायला देश नेमकं करतात काय? नुसत्या यादीने भागतं का?

ओढ्याकाठचा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. वाघ, हत्ती, गिधाडं यांच्यासाठी काय काय चाललंय ते आपल्याला थोडंफार माहीत असतं, प्रकल्प असतात, गणना होते, पेपरात आकडे येतात. पण फुलपाखरं आणि चतुर-टाचण्यांचं (टाचण्या म्हणजे चतुराच्या बारीक अंगाच्या बहिणी) काय? मी जिथे जिथे वाचलं तिथे एवढंच सापडलं की अमुक जात कायद्याने संरक्षित आहे, तमुक जात धोक्यातल्या जातींच्या रेड लिस्टवर आहे. बरं मग पुढे? संरक्षित म्हणजे कोणी पकडायचं नाही एवढंच ना. पण फुलपाखरू काय कोणी जाळं घेऊन पकडतं म्हणून संपत नाही, त्याची झाडं जातात, गवताळ माळ जातात, पाणी जातं. मग एखाद्या देशाने ठरवलं की ही जात आम्हाला वाचवायचीच आहे, तर ते प्रत्यक्षात करतात काय? आणि कुठे यश आलंय का? पिंजऱ्यात वाढवून सोडतात असंही वाचलं, ते कितपत चालतं? आणि चतुरांबद्दल तर कोणी बोलतच नाही, त्यांच्यासाठी कुठे काही झालंय का तेही सांगा. सविस्तर लिहिलंत तरी चालेल, मला खरंच समजून घ्यायचंय.

सुरवंट७:
छान धागा. यश आलंय का विचारताय तर ब्रिटनच्या लार्ज ब्लूची गोष्ट आधी सांगायला हवी कारण तुमच्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्या एकाच निळ्या फुलपाखरात आहेत.

याची मादी रानटी थाइम नावाच्या छोट्या झुडपाच्या कळ्यांवर अंडी घालते. अळी दोन-तीन आठवडे ती फुलं खाते आणि मग स्वतःहून जमिनीवर पडते. तिच्या अंगाचा वास आणि तिचा आवाज दोन्ही मुंग्यांना फसवणारे असतात, त्यामुळे लाल मुंग्या तिला आपलंच पिल्लू समजून वारुळात घेऊन जातात आणि ही बाई तिथे दहा महिने राहून मुंग्यांचीच पिल्लं खात बसते! कोष वारुळातच, आणि उन्हाळ्यात फुलपाखरू होऊन बाहेर. आता हे सगळं संशोधकांना बऱ्यापैकी आधीपासून माहीत होतं, तरी जात कमी कमी होत गेली. शौकीन लोक पकडून नेतात म्हणून होतंय असा समज होता, म्हणून जागा कुंपण घालून बंद केल्या. झालं काय की कुंपणामुळे माणसं बाहेर राहिली आणि चरणारी जनावरंही बाहेर राहिली. त्यात १९५० च्या दशकात मिक्सोमॅटोसिसच्या साथीने ससे मोठ्या प्रमाणात मेले. चरायला कोणी नाही म्हटल्यावर गवत वाढलं.

जेरेमी थॉमस नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात अक्षरशः त्या माळावर ठाण मांडून शोधून काढलं की कुठलीही लाल मुंगी चालत नाही, मिर्मिका सॅब्युलेटी नावाची एकच जात लागते, आणि या मुंगीला ऊन लागलेली गरम जमीन हवी असते. गवत थोडं उंच झालं की जमिनीवर सावली येते, माती थंड होते, ती मुंगी निघून जाते आणि तिच्या जागी दुसरी लाल मुंगी येते. बाहेरून बघणाऱ्याला सगळं तसंच दिसतं, थाइम आहे, मुंग्या आहेत, माळ आहे, पण अळ्या मात्र मरतात. हे कळेपर्यंत उशीर झाला होता, १९७९ मध्ये ब्रिटनमधून ही जात संपली.

मग त्यांनी उलट क्रमाने काम केलं, जे मला सगळ्यात जास्त आवडतं. आधी माळ दुरुस्त केले, झुडपं काढली, गाई-घोडे ठरलेल्या महिन्यांत चरायला सोडले, ती विशिष्ट मुंगी परत आली का ते तपासलं, आणि मग १९८३-८४ पासून स्वीडनमधून आणलेली पिढी सोडायला सुरुवात केली. आज ती तिथे पुन्हा उडते, सॉमरसेटमधल्या कॉलर्ड हिलवर लोक बघायला जातात. म्हणजे कायदा होता, कुंपण होतं, प्रेम होतं, पण गवत किती बोटं उंच हवं हे माहीत नव्हतं तोपर्यंत काही उपयोग झाला नाही.

डोंगरमाथा:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण कायदा काही कामाचा नाही असा सूर निघू नये म्हणून लिहितोय. कायदा काय करू शकतो आणि काय नाही हे देशागणिक वेगळं आहे, आणि फरक कुठे पडतो तर यादीत नुसतं जातीचं नाव आहे की तिच्या जागेचंही, इथे.

भारतापुरतं बोलायचं तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याच्या शेड्यूल्समध्ये, म्हणजे जोडलेल्या याद्यांमध्ये, भरपूर फुलपाखरं आहेत, पण जुनी यादी बघितली तर नवल वाटतं. शेड्यूल एक म्हणजे वाघाच्या बरोबरीचं संरक्षण, आणि त्यात डॅनेड एगफ्लाय आणि क्रिमझन रोझ होती, जी सहज दिसणारी फुलपाखरं आहेत. आणि चतुरांमध्ये? अख्ख्या शेड्यूल एकमध्ये एकच चतुर, एपिओफ्लेबिया लेडलॉई, पूर्व हिमालयातल्या थंड ओढ्यांमध्ये राहणारा, फार प्राचीन गटातला, त्याच्या वंशातले भाऊबंद थेट जपान आणि चीनमध्ये. तो यादीत असणं योग्यच आहे पण पश्चिम घाटातल्या मोजक्या ओढ्यांवरच सापडणाऱ्या कितीतरी टाचण्या त्या यादीत नव्हत्याच. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून लागू, शेड्यूल्स सहावरून चारवर आली आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारातल्या जाती आपल्या कायद्यात आल्या. ते चांगलंच झालं.

कारण काही जातींना खरंच चोरट्या व्यापाराचा धोका आहे. कैसर-ए-हिंद, भूतान ग्लोरी, अपोलो यांसारखी डोंगरातली देखणी फुलपाखरं, यांना परदेशात पैसे मोजणारे शौकीन आहेत. तिथे कायदा नसेल तर काहीच नाही. पण ओढ्याकाठचा म्हणतायत ते बरोबर आहे की बहुतेक जातींचा शत्रू जाळं नसून बुलडोझर आणि नांगर आहे, आणि त्या बाबतीत जातीची यादी फार पुढे जात नाही. उलट संशोधन करणाऱ्याला नमुना घ्यायला परवानगीची लांब प्रक्रिया, आणि शेजारचा माळ सपाट करणाऱ्याला त्या फुलपाखरामुळे कोणी अडवत नाही, असं होतं. मला हे मनापासून खटकतं.

युरोपियन युनियनचा १९९२ चा हॅबिटॅट्स डायरेक्टिव्ह (अधिवासांबद्दलचा कायदा) बघा. त्यात काही फुलपाखरं आणि काही चतुर अशा यादीत आहेत की त्यांच्यासाठी प्रत्येक सदस्य देशाला जागा राखून ठेवाव्याच लागतात, नाटुरा २००० चं जाळं तेच, आणि दर सहा वर्षांनी त्या जातीची हालत काय आहे याचा अहवाल द्यावा लागतो. अहवाल द्यायचा म्हटला की मोजावं लागतं, मोजायचं म्हटलं की माणसं तयार करावी लागतात. अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्यातही क्रिटिकल हॅबिटॅट, म्हणजे जात टिकायला अत्यावश्यक जागा, ठरवायची तरतूद आहे, १९७६ मध्येच तिथे फुलपाखरं यादीत आली, त्यातलं एल सेगुंडो ब्लू तर लॉस एंजेलिसच्या विमानतळालगतच्या वाळूच्या टेकड्यांवर राहतं. विमानं डोक्यावरून जातात आणि खाली त्याच्यासाठी बाहेरची झुडपं उपटून बकव्हीट नावाचं स्थानिक झुडूप लावलं जातं.

पाणकणीस:
चतुरांचा प्रश्न आला म्हणून राहवलं नाही, माझा जीव त्यांच्यातच अडकलेला आहे.

पहिली गोष्ट म्हणजे चतुराला वाचवायचं तर दोन जागा वाचवाव्या लागतात. आपल्याला दिसतो तो उडणारा प्राणी त्याच्या आयुष्याचा शेवटचा छोटा तुकडा असतो, आधी महिनोन्महिने, काही जातींत वर्षानुवर्षं, तो पाण्याखाली शिकारी अळी म्हणून जगतो. पाणी किती थंड, किती वाहतं, तळाशी रेती की चिखल, वर्षभर टिकतं की आटतं, यातलं एक जरी बिघडलं तरी वर आकाशात तो दिसणार नाही. आणि उडायला लागल्यावर त्याला काठची झाडी लागते, सावली लागते, खायला किडे लागतात. म्हणून तर २०२१ च्या शेवटी रेड लिस्ट करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगातल्या सगळ्या चतुर-टाचण्यांचा पहिला पूर्ण आढावा जाहीर केला तेव्हा ६०१६ जातींपैकी १६ टक्के धोक्यात निघाल्या. दक्षिण आणि आग्नेय आशियात प्रमाण याहून जास्त, चतकोराहून अधिक, आणि मुख्य कारण पामतेलासारख्या पिकांसाठी साफ केलेली जंगलं आणि पाणथळ जागा. त्या आकड्याकडे मी फुलपाखरांच्या बातम्यांपेक्षा जास्त काळजीने बघते कारण चतुर गेले म्हणजे त्या ओढ्याचं, तळ्याचं काहीतरी आधीच बिघडलेलं असतं.

कुठे काय झालंय ते सांगते. अमेरिकेत हाइन्स एमराल्ड नावाचा हिरव्या डोळ्यांचा चतुर आहे, १९९५ मध्ये तो एन्डेन्जर्ड यादीत आला. तो चुनखडकाच्या भागात जिथे जमिनीतून झरे पाझरतात अशा दलदलीतच राहतो, त्याची अळी काही वर्षं पाण्यात काढते, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं की ही अळी चक्क खेकड्यासारख्या क्रेफिशच्या बिळात जाऊन राहते. म्हणजे चतुर वाचवायचा तर क्रेफिशही वाचवा आणि जमिनीखालचं पाणीही! इलिनॉयमध्ये एका नदीच्या खोऱ्यावरून हायवे न्यायचा होता, तेव्हा पूल मुद्दाम उंच बांधला गेला, म्हणजे चतुर गाड्यांना धडकून मरू नयेत. एका चतुरासाठी पुलाची उंची बदलली, हे वाचून मला अजून बरं वाटतं. कायद्यात दम होता म्हणून इंजिनियरांना त्याचं ऐकावं लागलं, डोंगरमाथा म्हणाले तो मुद्दा हाच.

जपानमध्ये १९९२ चा धोक्यातल्या जातींचा कायदा आहे आणि त्यात बेक्को-तोम्बो नावाचा चतुर आहे, जुनी, वेलींनी-बोरूने भरलेली उथळ तळी लागणारा. तिथे नुसतं तळं राखून भागत नाही कारण बाहेरून आलेले बास मासे आणि लाल क्रेफिश त्याच्या अळ्या आणि पाणवनस्पती दोन्ही संपवतात. बघा, अमेरिकेत क्रेफिश चतुराला घर देतो आणि जपानमध्ये परका क्रेफिश त्याचं घर उजाडतो. म्हणून एका देशाचा उपाय उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. ओगासावारा बेटांवर तर आणखी वाईट, तिथे बाहेरून आलेल्या हिरव्या अनोल सरड्याने फक्त त्याच बेटांवर असलेले चतुर आणि तिथलं एक छोटं निळं फुलपाखरू खाऊन खाऊन जवळजवळ संपवलं, आता सरडे पकडायला सापळे लावतात, कुंपणं घालतात आणि चतुरांसाठी छोटी कृत्रिम तळी करून देतात.

आणि हरलेली बाजूही सांगायला हवी. इंग्लंडात ऑरेंज-स्पॉटेड एमराल्ड म्हणून एक चतुर मुख्यतः एकाच छोट्या नदीवर उरला होता, त्या नदीत सांडपाणी सोडलं गेलं आणि तो त्या देशातून गेला. कोणी त्याला पकडलं नाही, मारलं नाही.

ओढ्याकाठचा:
वा, एकाहून एक प्रतिसाद. पाणकणीस ताई, क्रेफिशचं तर माहीतच नव्हतं. म्हणजे मला जे समजलं ते असं की जातीचं पूर्ण जीवनचक्र कळल्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. पण सोडण्याचा प्रश्न राहिलाच. हल्ली फुलपाखरं वाढवून सोडायचे कार्यक्रम खूप होतात, समारंभात सुद्धा सोडतात. त्याने संख्या वाढते का?

सुरवंट७:
समारंभात सोडण्याने नाही वाढत, उलट नुकसान होऊ शकतं. एकाच ठिकाणी दाटीवाटीने वाढवलेल्या अळ्यांत रोग पसरतात आणि ते रोग घेऊन फुलपाखरं बाहेर जातात, उत्तर अमेरिकेतल्या मोनार्क फुलपाखराच्या बाबतीत ओई नावाचा परजीवी यासाठीच काळजीचा विषय आहे. शिवाय वेगळ्या प्रदेशातली पिढी आणून सोडली तर तिला तिथला ऋतू मानवेल असं नाही.

पण नीट विचार करून केलेलं पुनर्वसन वेगळं. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात गेलेल्या दोन निळ्या जाती १९९० मध्ये पोलंडमधून आणून मूरपुटनच्या ओल्या गवताळ भागात सोडल्या, त्याही मुंग्यांच्या वारुळात वाढणाऱ्या. पोलंडच्याच पिएनिनी नॅशनल पार्कमध्ये अपोलो अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतपत उरलं होतं, तिथे १९९१ पासून वाढवून सोडणं आणि त्याच वेळी वाढलेली झाडी काढून उघडे खडकाळ उतार परत मिळवणं हे दोन्ही चालवलं. इंग्लंडमधून १९७६ मध्ये गेलेलं चेकर्ड स्किपर २०१८ मध्ये बेल्जियममधली फुलपाखरं आणून सोडलं, तीही जंगलातल्या वाटा रुंद करून ऊन आत आणल्यावर. चतुरांतही आहे, व्हाइट-फेस्ड डार्टरच्या अळ्या २०१० पासून कंब्रियामधल्या फाउलशॉ मॉसवर नेऊन सोडल्या, पण त्याआधी तिथे लावलेली सूचिपर्णी झाडं काढली, पाणी बाहेर नेणारे चर बुजवले, दलदल पुन्हा ओली झाली आणि मगच. सगळीकडे क्रम एकच दिसेल तुम्हाला, घर आधी, पाहुणा नंतर.

भटकी:
धागा वाचतेय आणि एक गोष्ट टोचतेय म्हणून लिहिते. या सगळ्यात तिथे राहणाऱ्या माणसाचं काय? पापुआ न्यू गिनीचं क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग घ्या, जगातलं सगळ्यात मोठं फुलपाखरू, मादीच्या पंखांचा पसारा पंचवीस सेंटीमीटरच्या वर जातो. फक्त ओरो प्रांतातल्या थोड्या जंगलात आहे. १९६६ पासून कायद्याने संरक्षित, साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे व्यापार पूर्ण बंद. पण त्याच प्रांतात पाम लावला तर पैसा मिळतो आणि फुलपाखराची वेल राखली तर गावाला हातात काहीच येत नाही. दुसऱ्या बर्डविंग जातींसाठी मात्र त्याच देशात १९७८ पासून बुलोलोला सरकारी संस्था आहे, गावकरी बागेभोवती त्यांच्या वेली लावतात, अळ्या वाढतात, काही कोष विकायचे आणि बाकी उडून जायचे, म्हणजे जंगल राखण्यात घरचा फायदा. मला असं वाटतं की सगळ्यात धोक्यातल्या जातीसाठी असा मार्ग बंद ठेवून आपण तिचं भलं करतोय का हे पुन्हा तपासायला हवं. शिकार वाढेल ही भीती खरी आहे, मला ती मान्य आहे, तरी.

मेक्सिकोचंही तेच. मोनार्क जिथे हिवाळा काढतात ती ओयामेल फरची जंगलं १९८६ मध्ये राखीव केली, तेव्हा जंगल तोडून जगणाऱ्या गावांना पर्याय नव्हता, तोड चालूच राहिली. २००० मध्ये क्षेत्र वाढवून ५६ हजार हेक्टरच्या वर नेलं तेव्हा तोड न करण्याबद्दल गावांना पैसे द्यायची सोय झाली. आणि इतकं करूनही मेक्सिको एकटा काय करणार, उत्तरेकडे अमेरिकेत शेतातलं मिल्कवीड तणनाशकाने जातं आणि अळीला दुसरं काही चालत नाही. तीन देशांत मिळून जगणारं फुलपाखरू आहे ते.

डोंगरमाथा:
भटकी, मुद्दा पटला, पण अलेक्झांड्राच्या बाबतीत मी सावध राहीन. जिथे संख्या इतकी कमी आणि मोजणीच धड नाही तिथे किती विकले तर चालतील हे कोण ठरवणार? आधी मोजणी, मग चर्चा. गावाला पैसा द्यायचा तर जंगल राखण्याचा द्या, फुलपाखरू विकण्याचा नको.

आणि मोजणीवरून आठवलं, या सगळ्या कामातलं सगळ्यात कमी दिसणारं आणि सगळ्यात मोलाचं काम तेच आहे. ब्रिटनमध्ये १९७६ पासून ठरलेल्या वाटेवर ठरलेल्या वेगाने चालून दोन्ही बाजूंची फुलपाखरं मोजायची पद्धत चालू आहे, अर्नी पोलार्डने बसवलेली, आणि चालणारे बहुतेक जण साधे हौशी लोक. एवढ्या वर्षांची सलग नोंद असल्यामुळे कुठली जात घसरतेय हे संपायच्या आधी कळतं. आपल्याकडे २०२० पासून सप्टेंबर हा बिग बटरफ्लाय मंथ म्हणून करतात, लोक उत्साहाने फोटो टाकतात, पण एक महिना फोटो आणि वर्षभर तीच वाट मोजणं यात फरक आहे. मला दुसरं जास्त व्हायला हवं असं वाटतं.

ओढ्याकाठचा:
मग हेच शेवटचं विचारतो, नोंद करायची तर माझ्यासारख्याने काय टिपलं म्हणजे ती पुढे संशोधकांच्या कामाला येईल? सुंदर फोटो काढायला मी काही फोटोग्राफर नाही.

पाणकणीस:
सुंदर फोटो नकोच आहे. फुलपाखराचा असेल तर ते कुठल्या झाडावर अंडी घालतंय किंवा अळी काय खातेय ते टिपा, झाडाच्या पानाचा वेगळा फोटो घ्या, कारण उडतानाचे फोटो ढिगाने आहेत आणि होस्ट प्लांटच्या, म्हणजे अळीच्या खाद्यझाडाच्या, नोंदी फार कमी. पंख मिटलेले असताना खालची बाजू घ्या, ओळख बऱ्याचदा तिथूनच पटते. चतुराचा असेल तर बाजूने आणि वरून असे दोन, आणि टाचणीचा नर असेल तर शेपटीच्या टोकाचा जवळून, बऱ्याच जाती तिथेच वेगळ्या होतात. आणि काठच्या गवतावर, दगडावर अळीची सुकलेली कात चिकटलेली दिसली तर ती अजिबात सोडू नका, तिचा फोटो घ्या. उडणारा चतुर लांबून आलेला असू शकतो पण कात म्हणजे तो त्याच पाण्यात वाढला याचा पुरावा, एखादं तळं वाचवायला हाच पुरावा सगळ्यात कामाचा. सोबत तारीख, वेळ, पाणी वाहतं होतं की साचलेलं, ऊन होतं की सावली. काही दिसलं नाही तर तेही लिहून ठेवा, आणि पुढच्या महिन्यात त्याच जागी परत जा.

एक मात्र पाळा, जात खरोखर दुर्मिळ असेल आणि पकडून विकली जाणारी असेल तर नेमकं ठिकाण सगळ्यांना दिसेल असं टाकू नका, आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर लोकेशन झाकायची सोय आहे ती वापरा.